गहू बंद

रहिमाननं खालचा ओठ बोटांनी ओढला आणि आरसा उजेडाकडे धरला. परवा दोन फोड होते, आज पाच. पांढुरके, कडेनं लालभडक. पाठीमागं बायकोची, शमीमची, चाहूल लागताच त्यानं आरसा उशीखाली सारला.

"काय बघत होता?"

"काय न्हाई. दाढी वाढलीय."

चाकणला त्याची पावाची भट्टी होती. गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलणं आलंच, पण सहा महिने झाले, तोंड उघडायची चोरी. त्याचा बाप तोंडातल्या अशाच फोडानं गेला होता. शेवटी घोटभर पाणीही उतरत नव्हतं. बापाला तंबाखू लागायची. रहिमाननं तिला कधी हात लावला नव्हता. तरी सदरा दिवसेंदिवस सैल होत चालला होता.

कुणाला न सांगता त्यानं एक दिवस खेडची एसटी धरली. तिथल्या डॉक्टरांनी जीभ उचलून पाहिली, गळा चाचपला.

"गाठ नाही," डॉक्टर म्हणाले. "पोट कसं आहे?"

"रोजच बिघडलेलं, सायेब."

"काहींना गहू सोसत नाही, असं हल्ली वाचनात आलंय. तोंड त्यानंच येतं, असं छातीठोक नाही सांगत. पण महिनाभर गहू बंद. पाव, चपाती, काही नाही."

"सायेब, मी पावच भाजतो."

"भाजा. खाऊ नका."

त्यानं बाजरीची भाकरी धरली. रोज पहाटे जाग आली की श्वास रोखून जीभ गालाच्या आतनं फिरवायचा. चौथ्या आठवड्यात एका जेवणात रस्सा झोंबलाच नाही. तो ताटावरच रडायला लागला आणि शमीमला सगळं सांगून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची सात वर्षांची लेक नजमा चहात पाव बुडवून खात होती. एका गालानंच, डोळे मिटून.

"असं का खातीस गं?"

"झोंबतं, अब्बा. लई दिवस झालं."

शमीमच्या हातातली किटली तशीच राहिली.

"आ कर, बेटा."

नजमानं तोंड उघडलं. रहिमाननं एकदाच आत पाहिलं. मग तिच्या हातातला पाव त्यानं हळूच काढून घेतला.

नजमानं रिकाम्या हाताकडं पाहिलं.

"मी काय केलं, अब्बा?"