पाचाला पाच

महेंद्रनं गुरुवारी गाडी आणली तेव्हाच मी म्हणायला पाहिजे होतं की बाबा, हे आपलं काम नव्हे. पण तीस वर्षं ट्रॉल्यांची चाकं बसवणाऱ्या माणसाला कुणी चाक दाखवलं की त्याच्या तोंडून नकार निघत नाही. शिरूरच्या न्हावरा रस्त्याला माझं गॅरेज. उसाचा हंगाम आला की दारात ट्रॉल्यांची रांग. त्या रांगेत ही लाल, दोन दारांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार उभी राहिली, तेव्हा म्हशींच्या गोठ्यात हरीण शिरल्यासारखं वाटलं.

महेंद्र रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्ट सांभाळतो. मूळचा वरवंडचा, आता आईसकट शिरूरलाच राहतो. गाडी त्यानं पुण्यातून जुनी घेतलेली. तिच्या चार रिमांपैकी दोन तडकल्या होत्या आणि तसल्या रिमा आता मिळत नाहीत. म्हणून त्यानं भंगारवाल्याकडून भलत्याच मॉडेलची चार मॅगव्हील, म्हणजे ओतीव ॲल्युमिनियमची चाकं, आणली. दिसायला देखणी, त्यात वाद नाही.

रविवारी दौंडला नव्या विहाराचं उद्घाटन होतं. पंचशील ध्वज त्याच्या आईच्या, रंभाक्कांच्या हातून चढणार होता. त्या विहारासाठी ही बाई बारा वर्षं दारोदार फिरली होती, कधी एस्टीनं, कधी पायी. आता आईला याच गाडीत बसवून न्यायचं, हे महेंद्रनं मनात पक्कं धरलेलं. रविवारी सकाळी आठला गाडी चाकावर उभी पाहिजे म्हणाला, आणि मी शब्द दिला.

पहिलं चाक उचलून हबला लावलं. गाडीला नट बसायचे पाच दांडे, म्हणजे स्टड; चाकाला पाच भोकं. पण आत जाईना. भोकांचं वर्तुळ केसभर लहान पडत होतं. महेंद्र मोबाइल पुढं करून सांगायला लागला की दोन मॉडेलांच्या मापात दोनेक मिलीमीटरचा फरक दाखवतोय, चालेल का बघा. मी मोबाइलकडं बघितलंसुद्धा नाही.

"पाचाला पाच हाय ना? मग बसतंय."

आमच्याकडं कुठल्या ट्रॉलीचं चाक कुठल्या आसाला येईल याचा नेम नसतो. भोकं जुळली नाहीत तर कानशीनं लांबवायची, खाली जाड वायसर टाकायचा आणि नट आवळायचा. लोखंडी चाक, वीस-पंचवीसच्या चालीनं कारखान्यावर जायचं. दहा-दहा हंगाम निघतात. मी तेच केलं. चार चाकं, वीस भोकं. गुरुवारची संध्याकाळ आणि शुक्रवारचा अख्खा दिवस मी हातानं कानस मारत बसलो. तिकडं इनामगावला सप्ताह चालू होता. मी तिथला टाळकरी; कीर्तनाला माझी जागा विणेकऱ्याच्या डाव्या अंगाला ठरलेली. शुक्रवारी ती जागा रिकामी राहिली. टाळकऱ्यांतल्या सोपानरावांचा फोन आला, तब्येत बरी ना म्हणून. मी म्हणालो, बरी आहे, एक चाक अडलंय.

शनिवारी सकाळी चारही चाकं चढली. खाली पांढरीशुभ्र चाकं, वर लाल गाडी. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायला लागली आणि माझी छाती फुगली. मी एकटाच गाडी घेऊन न्हावऱ्याकडं निघालो. चाळीसला लोण्यासारखी. साठला स्टिअरिंगला मुंग्या आल्या. सत्तरला सगळी गाडी थडथडायला लागली. कानाला सवय आहे म्हणून लगेच कळलं, की चार चाकांतलं एक प्रत्येक फेऱ्याला मागं पडतंय, बाकीचे टाळ समेवर आणि एकजण अर्धी मात्रा उशिरा.

परत आणली. चाक काढलं, फिरवून लावलं. तेच. बॅलन्सिंगवाल्याकडं नेली. त्यानं शिसं लावून दिलं आणि म्हणाला, चाक चांगलंय. पुन्हा तेच. हबच्या कडेला पत्र्याची पट्टी गुंडाळून चाक मधोमध आणायला बघितलं. पन्नासपर्यंत बरं, पुढं थडथड सुरूच. असं चारदा झालं. चौथ्यांदा गाडी उभी करून सहज पाना लावला, तर तासाभरापूर्वी जीव खाऊन आवळलेले नट अर्धा-अर्धा आटा ढिले.

तेव्हा मी खाली बसलो आणि पहिल्यांदाच ते भोक नीट बघितलं. भोकाच्या तोंडाशी वाटीसारखा उतार असतो. नटाचं निमुळतं तोंड त्या वाटीत बसतं आणि चाक धरून ठेवतं. माझ्या कानशीनं वाटीच अर्धी खाल्ली होती. नट वाटीत नव्हता, नुसत्या काठावर टेकलेला. त्यात हे चाक लोखंडाचं नव्हे, ओतीव. हा काठही थोड्या दिवसांत झिजणार. वेगात चाक निसटलं असतं तर कुठं? दौंडच्या वाटेवर, चौफुल्याच्या पुढं, सोलापूर हायवेवर.

संध्याकाळी महेंद्र गॅरेजवर गाडी बघायला आला तेव्हा हे सगळं सांगायचं सोडून मी म्हणालो, "पन्नासच्या वर नेऊ नको."

तो हसला. "आप्पा, स्पोर्ट्स कार हाय ही. बैलगाडी न्हाई."

मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला अजून जात नाही. नंतर इनामगावला गेलो, टाळ हातात घेतला, पण बुवा काय सांगत होते ते एक अक्षर कानात शिरलं नाही. दोनदा ताल चुकलो. विणेकऱ्यानं मान वळवून बघितलं. मी कीर्तन सुटायच्या आधीच उठलो. चाळीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

रविवारी साडेसातला महेंद्र आईला घेऊन रिक्षानं गॅरेजवर आला. रंभाक्कांनी पांढरं, निळ्या काठाचं लुगडं नेसलं होतं. पोरानं दार उघडून दिलं आणि त्या वाकून, गुडघा धरून गाडीत बसल्या. आत बसल्यावर एकदा डॅशबोर्डवरून हात फिरवला. मी पाना घेऊन खाली बसलो. रात्रभर गाडी जागची हलली नव्हती. तरी मागच्या चाकाचे दोन नट बोटांनी फिरले. शनिवारच्या शेवटच्या फेरीतच ते सुटले होते; संध्याकाळी मी ते पुन्हा आवळलेच नव्हते, आवळावेसे वाटले नव्हते.

मी उठलो आणि सगळं सांगितलं. कानस, वाटी, काठ. माझी चूक, शंभर टक्के.

महेंद्रचा चेहरा उतरत गेला. "तुम्हीच म्हणलात, पाचाला पाच."

"म्हणलो."

"मी माप दाखवत हुतो."

"व्हय."

त्यानं वाकून एक नट बोटानं फिरवून बघितला. मग म्हणाला, नट आवळून द्या, मी चाळीसनं जातो, दौंडला पोचल्यावर दुसऱ्या कुणाला दाखवतो. मी म्हणालो, नको. तो म्हणाला, गाडी माझी आहे. हे खरं होतं. आणि दुसरा कुणीतरी ती चाकं पुन्हा आवळून देणार होता, हेही खरं होतं. माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

मी रंभाक्कांना हात देऊन खाली उतरवलं. जॅक लावला, एकेक करून चारही चाकं काढली आणि गाडी विटांवर ठेवली. महेंद्र विचारत राहिला, काय करताय आप्पा. मी ग्राइंडर लावला आणि पहिल्या चाकाचा एक आरा आरपार कापला. मग दुसऱ्याचा. तिसऱ्याला त्यानं माझं मनगट धरलं. मी ग्राइंडर बंद केला आणि त्याच्याकडं बघितलं. त्याचे डोळे भरले होते. त्यानं हात सोडला. मी उरलेली दोन्ही कापली.

माझी पिकअप पुढं काढली. सीटवर धुतलेलं पोतं अंथरलं. महेंद्र आला नाही. विटांवरच्या गाडीशेजारी पाठ करून उभा राहिला. आईनं हाक मारली, तरी वळला नाही.

न्हावरा गेलं, पारगाव गेलं. इनामगावला एव्हाना काल्याच्या कीर्तनाची मंडळी जमली असणार. चौफुल्याला दौंडहून फोन आला. दहाची वेळ, पावणेदहा झालेले, मंडळी विचारत होती कुठवर आलात. रंभाक्का म्हणाल्या, येतेय, वाट बघा. फोन ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या,

"भाऊ, माझ्या लेकाचा जीव वाचवला तुम्ही, ते कळतंय मला. पर राग जाईना बघा."

"जाऊ नका देऊ," मी म्हणालो. "माझाच जाईना."

वरवंड आलं. मोकळा रस्ता दिसल्यावर ॲक्सिलरेटरवरचा माझा पाय आपोआप खाली दाबला गेला. त्यांनी पदर सावरला आणि दाराची कडी घट्ट धरली.

"वाढवू नका," त्या म्हणाल्या. "थांबतील ते."