शेवटचं साबणाचं पाणी

...अजून लालच. बोटाएवढ्या बाटलीत मिठाचं पाणी सोडून पाच मिनिटं झाली होती, आता दहा होत आली, आणि द्रव अजून डाळिंबाच्या रसासारखा लाल होता. म्हणजे सोन्याचे ते डोळ्यांना न दिसणारे कण एकमेकांना चिकटले नव्हते. चिकटले की निळे दिसतात. गेले अकरा महिने ते तिच्यासमोर न चुकता निळे होत आले होते. तिने बाटली खिडकीकडे धरली, मग दिव्याकडे, मग उगीचच मागे वळून पाहिलं, कुणी गंमत तर करत नाही ना.

सुरुवातीला ते लालच राहायचे. तिने स्वतः तयार केलेला रेणू कणांभोवती बसतो आणि मिठाच्या पाण्यातही त्यांना वेगळं ठेवतो — एवढ्या एका वाक्यावर तिची पीएच.डी. उभी होती. त्यावर शोधनिबंध छापून आला, कौतुक झालं... आणि मग एके दिवशी निळं. परत केलं, परत निळं. तिच्या मार्गदर्शक सरांनी आधी समजूत घातली, मग हात स्थिर ठेवायला सांगितलं, आणि शेवटी मायेनेच म्हणाले की जुने आकडे पुरेसे आहेत, प्रबंध लिहून मोकळी हो. मोकळी! पण जुने आकडे तरी खरे कशावरून? आपण खरंच लाल पाहिलं होतं, की पाहायचं होतं म्हणून पाहिलं? वहीत अक्षर आपलं आहे, तारीख आहे, पण खोटं लिहिणाऱ्याच्या वहीतही तारीख असतेच की... दात घासताना आरशात मी माझ्याकडे चोरासारखी बघायला लागले होते. आणि हे काम माझं आणि खरं आहे, या प्रबंधातल्या वाक्याखाली आज चार वाजता सरांसमोर सही करायची होती.

काय वेगळं केलं आज? काहीच नाही. म्हणजे — तिचे फ्लास्क ओले होते, म्हणून तिने मांडणीवरचा एक उचलला होता. काकांनी धुतलेला. प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुणारे काका आधी एका गुडघ्याच्या आणि मग दुसऱ्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले होते, ते परवाच परत आले. मधल्या काळात ती आपली भांडी स्वतः धुवायची, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तीव्र आम्लाने, मग बारा वेळा शुद्ध पाण्याने. निळं झालं की पुढच्या खेपेला पंधरा वेळा.

ती सिंकपाशी गेली. भांडी कशी धुता विचारल्यावर काका एकदम ताठ झाले. असं विचारायला येणारा माणूस तक्रारच घेऊन येतो, हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव. घासतो, खळबळून काढतो, इथपर्यंत सांगून ते थांबले.

"आणि शेवटी?"

"शेवटी परत जरा साबणाच्या पाण्यातून काढतो, ताई. अगदी हलकं. आणि तसंच वाळवतो. साध्या पाण्याचे डाग पडतात काचेवर. माझ्या फ्लास्कवर कधी डाग दिसला का तुम्हाला?"

नव्हता दिसला. तिने आम्लाने धुतलेला फ्लास्क घेतला, रेणू घातलाच नाही, नुसता त्या साबणाच्या पाण्याचा थेंब घातला. मीठ. लाल. मग थेंब न घालता फक्त रेणू. निळं. पुन्हा. आणि तिसऱ्यांदा. म्हणजे सगळं काम साबण करत होता, आणि तिचा लाडका रेणू — ज्याच्यासाठी तिने दोन उन्हाळे घालवले होते — फुकट जेवणाऱ्या पाहुण्यासारखा नुसता बसून होता.

आता रडू यायला हवं, असं वाटून ती थोडा वेळ थांबली. आलं नाही. छातीवर बसलेलं कुणीतरी उठून गेल्यासारखा श्वास मात्र आला, पोटापर्यंत. मी पाहिलं ते लालच होतं. मी पाहिलं होतं.

काका हात पुसत मागे येऊन उभे होते. त्यांच्यामुळे काही नुकसान झालं का, असं त्यांनी हळूच विचारलं.

"नाही काका. तुमच्यामुळे सुटले मी."

त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

चार वाजता तिने सही न केलेलं पान सरांच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला. किती वेळा करून पाहिलं विचारलं. छापलेला निबंध मागे घ्यावा लागेल, वर्ष जाईल, कदाचित दोन, आणि पुढचं काही सांगता येत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

"म्हणजे इतकी वर्षं आपण साबणाचा अभ्यास केला."

"हो, सर."

"आणि तू हसतेयस."

तिने ओठ मिटून पाहिले. जमेना. "सर, मला वाटत होतं मी खोटं लिहिलंय. मी नुसती चुकलेय."

सरांनी चष्मा परत लावला आणि तिच्याकडे नीट पाहिलं, खूप दिवसांनी.

"वर्षभर असं वाटत होतं? मग मला का नाही सांगितलंस?"

कारण तुम्ही हो म्हणाला असतात तर... हे ती बोलली नाही. तिने समोरची खुर्ची ओढली आणि बसली. गेलं वर्षभर या खोलीत ती उभ्यानेच बोलत आली होती, आणि पाय किती दुखत होते ते तिला आत्ता कळत होतं.