कोऱ्या चकतीचा तिसरा आकडा

समजा, तुमच्या तळहातावर एक गोल चकती आहे. नाण्याएवढी, नाण्यासारखीच थंडगार, पण दोन्ही बाजूंनी कोरी. राजाचं डोकं नाही, आकडा नाही, साल नाही. टांकसाळीत ती पत्र्यातून कापली गेली आणि ठशाखाली जायच्या आधीच कुठेतरी निसटली. आता सांगा पाहू, हिची किंमत किती? घाई करू नका. क्रेम्नित्सा गावातल्या ओतिलियाने एकदा घाई केली होती, आणि तिला तर यातलं पुष्कळ कळत होतं.

ओतिलियाला घरीदारी सगळे ओत्का म्हणत. तिचे आजोबा वेंडेलिन अशा कोऱ्या चकत्या जमवायचे. गावच्या सांस्कृतिक भवनात महिन्यातून एका रविवारी नाणी जमवणाऱ्यांचा बाजार भरे. तिथे खिडकीपाशी, हीटरला लागून आजोबांचं टेबल असे.

नाण्याची किंमत पुस्तकात छापलेली मिळते. कोऱ्या चकतीची कोण छापणार? म्हणून त्या बाजारात एक रीत पडली होती. विकणारा, घेणारा आणि तिसरा कुणीतरी, अशा तिघांनी बिअरच्या पेल्याखालच्या पुठ्ठ्यावर आपापला आकडा लिहायचा. मग तिन्ही पुठ्ठे एकदम उलटायचे आणि मधला आकडा धरायचा. विकणारा चढा लिहिणार, घेणारा पडता लिहिणार, हे तर ठरलेलंच. तेव्हा बहुतेक वेळा तिसऱ्याचाच आकडा मधे यायचा. तिसऱ्याला आपला आकडा पैसे दिले जाईपर्यंत खोडायची मुभा होती, पण खोडला तर त्याने ती खुर्ची कायमची सोडायची. डळमळत्या हातावर कोण विश्वास ठेवील?

ओत्काच्या जन्माआधीपासून त्या खुर्चीवर आजोबा बसत आले होते. आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. नाताळपर्यंत ही खुर्ची दोघांतल्या एकाला देऊन टाकतो, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं.

दोघांतल्या. तो एक शब्द ओत्काच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला होता. उन्हाळ्यापर्यंत दोघं कुठे होती? एकटी ओत्काच होती. काठ उचललेली चकती कुठली आणि नुसतीच कापलेली सपाट चकती कुठली, हे ती डोळे मिटून बोटांनी सांगायची. सपाट चकती टांकसाळीतून फार क्वचित बाहेर पडते, म्हणून तिला थोडे जास्त मोजावे लागतात, हेही तिला पाठ होतं. मग शेजारच्या गल्लीत आपल्या आजीकडे राहायला सेव्हेरिन आला. कान मोठे, बोलणं कमी, आणि आजोबांनी काही सांगितलं की असा ऐकायचा जणू भुकेल्याला कुणी वाढतंय. आजोबा त्याला ‘पठ्ठ्या’ म्हणू लागले. खसखस भरलेल्या गोड पावगुंडाळीचा कुरकुरीत शेवटचा तुकडा नेहमी ओत्काचा असे, तोही एके दिवशी त्याच्या बशीत गेला. ओत्काने बशीकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं आणि आपल्याला भूकच नाही असं जाहीर केलं. कुणी आग्रहसुद्धा केला नाही.

नोव्हेंबरच्या बाजारात सेव्हेरिन स्वतःची चकती घेऊन आला. आजीच्या बटणांच्या डब्यात सापडलेली, चांदीची, बहुधा जुन्या राजवटीतली. विकून आलेल्या पैशांत त्याला बर्फावर घसरायचे बूट घ्यायचे होते, आजीने होकार दिला होता. घेणारी होती योलानाकाकू. समोरच्या टेबलावर तिचा धंदा चाले, आणि बाजारात तिच्याइतकं जाणणारं दुसरं कुणी नव्हतं.

“माल घेऊन आलास का रे?” काकू म्हणाली. “म्हणजे तू आता आमच्यातला झालास. आता तुला फसवायला हरकत नाही.”

सगळे हसले, सेव्हेरिनही हसला. आजोबांनी आपली खुर्ची मागे सरकवली आणि आज तिसरा आकडा ओत्का लिहील, असं सांगितलं. त्यांना अंधुक दिसत होतं, आणि सेव्हेरिन स्वतःच विकणारा होता. ओत्का बसली. खुर्ची अजून उबदार होती.

तिने चकती तराजूत टाकली. वजन अपेक्षेपेक्षा जरासंच कमी भरलं. मग ती बोटांत धरून तिने काठ उजेडाकडे फिरवला. काठावर काहीतरी होतं. बारीक बारीक खोलगट खुणा.

तिच्या छातीत गोड कळ आली. नाण्याच्या काठावरच्या खाचा कधी पडतात, हे आजोबांनी तिला पहिल्याच धड्यात शिकवलं होतं. ठसा मारताना चकतीभोवती खाचांचं कडं असतं, त्यात त्या उमटतात. म्हणजे ठसा बसलाच नसेल तर खाचाही नसणार. खाचा असलेली चकती कुणी कोरी म्हणून पुढे केली, तर ओळखावं की कुणीतरी खरं नाणं घासून गुळगुळीत केलं आहे. वजनही कमी भरलं होतं. दुसऱ्यांदा बघायची गरजच काय? पठ्ठ्याने घासलेलं नाणं आणलं होतं! आणि खोट्या मालाला, मग तो चांदीचा का असेना, या बाजारात किंमत शून्य. तिने पुठ्ठ्यावर ठळक शून्य काढलं आणि ते दोनदा गिरवलं.

पुठ्ठे उलटले. सेव्हेरिनचे साठ युरो. काकूचे पंधरा. ओत्काचं शून्य.

“घासलेलं आहे,” ओत्का म्हणाली. आवाज शांत ठेवायला तिला बरेच कष्ट पडले. “काठावर खाचा आहेत. आजोबा, हे तर अगदी पहिल्या धड्यातलं.”

सेव्हेरिनचे मोठे कान लालबुंद झाले. त्याने काही वाद घातला नाही. आपल्याला माहीत नव्हतं, आजीलाही माहीत नसणार, एवढंच तो पुटपुटला. आजूबाजूला कुणीतरी च्च केलं. ओत्काला जे हवं होतं ते सगळं घडलं होतं.

“असू दे रे राजा,” योलानाकाकू पाकीट काढत म्हणाली. “मधला आकडा पंधरा आलाय ना? मग पंधरा घे. रीत म्हणजे रीत.”

ओत्काचं हसू तिथेच थांबलं. घासलेल्या नाण्याला काकू पंधरा युरो देते? मागे एकाने असंच नाणं आणलं होतं, तेव्हा तिने ते चिमट्याने धरून परत केलं होतं आणि नंतर हात पुसले होते. माल खोटा निघाला तर घेणाऱ्याला उठून जायची मोकळीक असते. काकू उठली तर नव्हतीच. उलट पाकिटाची चेन जरा जास्तच घाईने उघडत होती.

ओत्काने भिंग उचललं आणि यावेळी काठ सावकाश फिरवला. खाचा नव्हत्याच त्या. अक्षरं होती. झिजलेली, मळाने भरलेली, मधे एक छोटं फूल, मग पुन्हा अक्षरं.

तेव्हा तिला उन्हाळ्यातली एक दुपार आठवली. जुन्या मोठ्या नाण्यांबद्दल आजोबा काहीतरी समजावत होते. काठावरची अक्षरं ठशाच्या आधीच दाबतात, चकती दोन पोलादी पट्ट्यांमधून लोळवत नेतात, म्हणून कोऱ्या चकतीवर अक्षरं सापडली तर ती आणखी मोलाची, कारण ती कुठलं नाणं होणार होती हे कळतं. पण ते सांगत होते सेव्हेरिनला. आणि ओत्का खिडकीबाहेर बघत होती, मुद्दाम ऐकत नव्हती. जेवढं कानावर पडलं तेवढंच.

वजनाचं काय? इतकी वर्षं बटणांशी घासून थोडी चांदी झिजणारच. नुसत्या चांदीचे वीस-पंचवीस, वर अक्षरांचं मोल. पंचेचाळीस, तिने मनात हिशेब केला. पंचेचाळीस म्हणजे कुणाचीच फसवणूक नाही.

तिने मान वर केली. आजोबा तिच्याच दिशेने बघत होते, पण ढगाळ डोळ्यांना तिचा चेहरा दिसत नसणार. काकू मात्र तिच्याकडे बघत होती, आणि तिला सगळं दिसत होतं. काकूने एक भुवई उंचावली. जणू म्हणत होती, कळलं ना पोरी? मग आता बस गप्प. मी बोलणार नाही, तू बोलू नकोस.

गप्प बसणं सोपं होतं. सेव्हेरिन पंधरा युरो घेऊन जाईल, शरमेने पुन्हा फिरकणार नाही, आणि नाताळला खुर्ची आपोआप तिची होईल. बोलली, तर आकडा खोडावा लागेल. खोडला, की खुर्ची गेली. आणि जाणार कुणाकडे? त्या कानवाल्याकडे, ज्याचा तिला या क्षणीसुद्धा मनापासून राग येत होता. तो इतक्या मुकाट्याने का सोसतो, याचाही राग येत होता.

काकूने दहाची आणि पाचची नोट टेबलावर ठेवली. सेव्हेरिनने हात पुढे केला.

ओत्काने नोटांवर आपला तळहात ठेवला. दुसऱ्या हाताने पेन्सिल उचलली, गिरवलेल्या शून्यावर सगळ्यांना दिसेल अशी आडवी रेघ मारली आणि खाली पंचेचाळीस लिहिलं. मग ती उठली, भिंग सेव्हेरिनच्या हातात कोंबलं, आणि त्याच्या तोंडाकडे न बघता म्हणाली, “काठ वाच. मोठ्याने वाच, आजोबांना ऐकू जाऊ दे.”