निळं भांडं

एकोणीसशे एक्क्याऐंशी साली, थोरल्या दिराचे साहेब जेवायला आले त्या रविवारी हे घडलं. त्याआधी दोन वर्षं धाकटी सून आपलं भांडं दुसरीच्या नावानं घासत होती.

भांडं बिडाचं, जड, बाहेरून गर्द निळं. आतला काचेसारखा गुळगुळीत मुलामा सायीच्या रंगाचा. धाकटीची आई गेली तेव्हा वडिलांनी ते तिच्या हाती दिलं होतं. पुढे ते आजारी पडले आणि ती त्यांच्याकडे राहायला गेली. परत आली तर भांडं ट्रंकेतून निघून थोरल्या जावेच्या शेगडीवर!

"माझ्या मामानं बोटीवरून आणलं," थोरली येईल त्याला सांगायची.

खरं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटीचा नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, एका भांड्यासाठी कुठे तोंड वाजवतेस!" सासूबाईंनी वातींचा डबा पुढे ओढला आणि मान खाली घातली.

भांडी घासायचं काम धाकटीकडे होतं, आणि निळ्या भांड्याला तिनं तारेची घासणी कधी लागू दिली नाही. आधी ते आपसूक निवू द्यायचं. मग कोमट पाण्यात सोडा घालून भिजवायचं, मऊ फडक्यानं पुसायचं. कडेला जिथे नुसतं बीड उघडं होतं तिथे तेलाचं बोट फिरवायचं, आणि झाकणाखाली कापडाची घडी ठेवायची, म्हणजे काठावर काठ आपटत नाही. हे सगळं आई करायची तसं.

थोरलीला एवढा धीर कुठला? तिला तापलेलं भांडं नळाखाली धरायची खोड. चर्र झालं की तिला बरं वाटायचं. निळं भांडं घेऊन ती नळाकडे वळली की धाकटी हातातलं काम टाकून धावायची. "द्या इकडे, मी बघते." थोरली हसायची. "घ्या बाई! तुमच्या हाताला घासायचीच हौस."

त्या रविवारी साहेबांच्या बायकोला थोरलीनं मुद्दाम स्वयंपाकघरात आणून बसवलं. भांडं दाखवलं. मामा झाला, बोट झाली.

"किती छान ठेवलंय हो!" साहेबीणबाई म्हणाल्या.

"जपावं लागतं," थोरली म्हणाली. "आमच्या धाकटीसारखीच्या हाती दिलं असतं तर आठवड्यात वाट लागली असती."

धाकटी दारापाशी बसून शेंगा सोलत होती. तिचा हात थांबला, आणि पुन्हा चालू झाला.

गप्पांच्या भरात कांदा तळाला लागला. धूर झाला. थोरलीनं फडक्यात धरून भांडं उचललं आणि नळाकडे निघाली. सवयीनं अर्ध्यात थांबली. कुणीतरी धावत येऊन ते हातातून घेईल, याची तिलाही सवय झाली होती.

धाकटी उठायला निघालीच होती. तिनं मांडी घट्ट दाबून धरली.

चर्र झालं. आणि त्या आवाजाच्या पोटात एक बारीकसा 'टक्'. तो फक्त धाकटीला ऐकू आला. पण ती हलली नाही.

थोरलीनं उलथन्यानं जळका थर खरवडला, वरवर विसळलं आणि त्याच भांड्यात नवा कांदा टाकला. रस्सा शिजला. रंग मोठा सुरेख आला.

ताटं वाढून झाली. साहेबांनी पहिला घास उचलला, तेव्हा धाकटी पुढे झाली.

"खाऊ नका," ती शांतपणे म्हणाली. "रश्श्यात काच आहे."

"काहीतरीच काय बोलतेस!" थोरली ओरडली.

धाकटीनं निळं भांडं आणून ताटांच्या मधोमध ठेवलं आणि डाव फिरवला. तळाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा, आणि डावात बोटाच्या नखाएवढे सायीच्या रंगाचे दोन कपचे. साहेबांनी हातातला घास हळूच ताटात ठेवला. साहेबीणबाई पदर तोंडाशी धरून उठल्या.

"तुला कळलं होतं!" थोरलीनं तिच्या हातातला डाव हिसकावला. "मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुमच्या मामानं आणलेलं भांडं, जाऊबाई. मी कोण मधे बोलणार?"

तेवढ्यात कोपऱ्यातून सासूबाईंचा आवाज आला. "मामा कसला आलाय? हिच्या आईचं भांडं ते." इतकं बोलून त्यांनी पाहुण्यांसाठी दूध तापवायला घेतलं.

साहेब दूध पिऊन गेले. थोरल्या दिरांची बदली लवकरच झाली, भलत्याच गावी. ते त्या रश्श्यामुळेच झालं असं थोरली मरेपर्यंत सांगत होती. नव्या घरात तिनं सगळी भांडी स्टीलची घेतली. सासूबाई धाकटीकडेच राहिल्या आणि शेवटपर्यंत तिच्याच हातचं जेवल्या. नवऱ्यानं पुन्हा कधी तिला "जाऊ दे" म्हटलं नाही, धजलाच नाही.

भांडं आपोआप धाकटीकडे आलं. फुटकं कोणाला हवंय! त्यात शिजवता येत नाही. तरी आजही ती ते कोमट पाण्यात सोडा घालून भिजवते, कडेला तेलाचं बोट फिरवते, झाकणाखाली घडी ठेवते. तळाच्या भेगांवरून फडकं फिरवताना आईची आठवण येते. मग तिला थोरलीचा त्या दिवशीचा चेहरा आठवतो, आणि ती भांडं पुसून जागेवर ठेवते.