पाणी आंबट झालं तेव्हा

मी जोकर मासा बोलतोय. हे नाव माणसांनी ठेवलं. केशरी अंगावर पांढरे पट्टे दिसले की त्यांना सर्कसच आठवते. स्वभावाने मी साधा घरकोंबडा आहे.

खरा समुद्र मी पाहिलेलाच नाही. दूर किनाऱ्यावरच्या एका हौदात जन्मलो, पाण्याच्या पिशवीतून ग्वाल्हेरला आलो आणि थाटीपुरात शांताताईंच्या बैठकीच्या खोलीत राहू लागलो. त्यांची नात सोनिका प्राणिशास्त्र शिकते. पाण्यात मीठ मोजून घालते आणि काचेच्या टाकीत माझ्यापुरता समुद्र करते. त्यात एक समुद्रफूल आहे. त्याच्या झुलत्या पाकळ्यांत माझं घर.

आमचं सगळं वासावर चालतं. फुलाचा वास आला की घर आलं. कोळंबीचा आला की जेवण, आणि तिच्यामागे किंचित हिंग आला की शांताताई. त्या मला बोटांनीच भरवतात. सोनिका रागावते, पण आम्ही दोघंही तिचं ऐकत नाही.

जानेवारीत दाट धुकं पडलं. "गरम समुद्रातलं लेकरू हे, ठंडीने अकडून जाईल," म्हणत शांताताईंनी खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या. शेजारणी, पाहुणे, चहा, गप्पा, सगळं त्याच खोलीत.

हळूहळू मला वासच येईना. फूल समोर डोलत होतं, पण माझं वाटेना. कोळंबी धरलेली बोटं दिसली, पण ती कुणाची ते कळेना. मी घाबरून कोपऱ्यात दडलो. चार दिवस पोटात काही नाही. "माझ्यावर रुसलाय हा," म्हणून शांताताई रडल्या. फार वाईट वाटलं मला.

शेवटी सोनिकाने कागदाची पट्टी पाण्यात बुडवली. तिचा रंग पाहून कपाळावर हात मारला.

"आजी, खिडकी खोला! आपल्या सगळ्यांची साँस याच खोलीत घूम रही है. तीच हवा पंप पाण्यात सोडतो. तिच्यातला कार्बन डायऑक्साइड विरघळून पाणी खट्टं झालं, म्हणून याला वास येत नाहीये."

"म्हणजे मीच केलं हे?" शांताताईंनी स्वतः चिंध्या उपसल्या. मग तीन दिवस त्या शाल आणि रजाई लपेटून, शिंकत, उघड्या खिडकीपाशी बसून राहिल्या. चौथ्या दुपारी मला हिंगाचा वास आला. मी धावत जाऊन त्यांच्या बोटांतून खाल्लं.

"खाल्लं गं, खाल्लं!" त्यांनी सगळं घर डोक्यावर घेतलं.

परवा सोनिका सांगत होती, आपल्या धुरातल्या त्याच वायूने खऱ्या समुद्राचं पाणीही असंच हळूहळू आंबट होतंय. शांताताईंनी लगेच विचारलं, "मग तिथली खिडकी कोण उघडणार?"

तिथे माझी भावंडं आहेत. मी त्यांना कधी भेटलो नाही, पण घर समोर असून ते ओळखू न येणं काय असतं, ते मला ठाऊक आहे. माझ्यासाठी एका म्हातारीने ग्वाल्हेरची थंडी सोसली. त्यांच्यासाठी तुम्हीही थोडं सोसाल ना?