दोन घावांमधली शांतता

चैत्र सरत आला की नाशिक रोडच्या त्या वसाहतीत दुपारी विलक्षण निःशब्दता उतरते. पडदे ओढलेले असतात, कूलर एकसुरी घरघरत असतात, आणि रस्त्यावरचे कुत्रेदेखील सावली सोडून हलत नाही. अशाच एका दुपारी लताबाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडीत बसल्या होत्या. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली त्यांची लेक चैताली आतल्या खोलीत निजली होती. एकाएकी लताबाईंचा हात ताटातच थबकला. जवळपास कोणीतरी दगड फोडीत होते.

ठक्. मग विश्रांती. मग पुन्हा ठक्.

त्यांनी खिडकी उघडून पाहिले. कोठेही बांधकाम नव्हते. उन्हाने पांढरा पडलेला रस्ता तेवढा होता. आवाज मात्र त्यांना परका नव्हता. चाळिशीतच रक्तदाबाची गोळी मागे लागली, तेव्हापासून तो अधूनमधून त्यांच्या कानाच्या तळाशी वाजत असे. पुढे सोनोग्राफीत त्यांची दोन्ही मूत्रपिंडे लहान मुलाच्या मापाची निघाली. "जन्माच्या वेळी वजन किती होतं?" असे तेव्हा डॉक्टरांनी विचारले होते. लताबाईंनी आईचेच शब्द पुढे केले होते, "चांगली गुटगुटीत होते म्हणे." आजवर आवाज येई तो त्यांच्या स्वतःच्या कानातून. आज तो आतल्या खोलीतून येत होता.

पावले न वाजविता त्या आत गेल्या. चैताली कुशीवर निजली होती. लताबाईंनी वाकून तिच्या पोटाला कान लावला. घाव तेथेच पडत होता, दूर माळावरून यावा तसा. आणि दोन घावांमध्ये जी शांतता होती, ती सकाळपेक्षा लांबली आहे असे त्यांना स्पष्ट जाणवले. म्हणजे सकाळीही आपण तो ऐकला होता, हेही त्यांना त्याच क्षणी उमगले.

चैतालीने डोळे उघडले. "आई, काय गं हे! केवढी दचकले मी. आत्तापासूनच कानगोष्टी सुरू का नातवंडाशी?"

"बाळ हललं का आज?"

"सकाळी एकदा. उन्हानं सुस्तावलंय तेही. आजीवर गेलंय, दुपारचं झोपाळू."

लताबाईंना हसू आले नाही. दाराशी त्यांची आई, ठमाबाई, लसूण सोलीत बसली होती. पणतवंडाचे तोंड पाहायला म्हातारी सटाण्याकडच्या खेड्यातून येऊन महिना झाला होता. मान वर न करता ती आपल्या गावाकडच्या बोलीत म्हणाली, "हातोडी शे ती."

"तुला ऐकू येतं?"

"माले कसं नही येवाव? चार महिने खडी फोडेल शे मी." ठमाबाईने पाकळी खाली ठेवली. बहात्तरच्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर होती, आणि लता पोटात होती. दिवसाकाठी मूठभर सुकडी मिळे, तीही वाटून खावी लागे. "रांगना शेवटले मी बसू. मना पलीकडे कोणीच नही व्हतं, लते. तरी दोन हातोड्या वाजेत. बारीक. जशा पोरी फोडी राहन्यात."

"आणि?"

"आनी काय! एखादीनी हातोडी थांबनी, तर समदा हात थांबेत. मुकादम नाव खोडी टाके." पाकळी पुन्हा उचलून, जणू लसणीशीच बोलावे तशी ती पुटपुटली, "तू गुटगुटीत नही व्हती पोरी. सुपात झोपाडी तुले, तरी निम्मं सूप रिकामं. पण बारीक शे असं बोलो तर बारीकच राही जास, म्हनी जलमभर कोणले सांगं नही."

लताबाई भिंतीला टेकून बसल्या. आईने लपविले ते एक वजन होते. त्यांनी स्वतः लपविले होते ते अधिक भयंकर होते, आणि ते केवळ त्यांना व चैतालीला ठाऊक होते.

चैतालीला दिवस राहिले ते पितृपक्षात. पितरांच्या पंधरवड्यात गर्भ राहणे तिच्या सासूबाईंना, ओझरच्या नवसाबाईंना, अशुभ वाटेल, या धास्तीने लताबाईंनी लेकीला पाळीची तारीख एक महिना पुढची सांगायला लावली होती. दिवाळीतला गर्भ म्हटले की सारे गोड. सटाण्याकडे आजीच्या गावी गेली असता दुसऱ्या महिन्यात तिची एक सोनोग्राफी झाली होती. त्यात खरी तारीख होती. म्हणून तो कागद लताबाईंनी कपाटात, शालूच्या घडीखाली, दडवून ठेवला. पुढच्या सर्व तपासण्या खोट्या तारखेवर झाल्या. आणि विचित्र असे की बाळाचे वजन त्या खोट्या तारखेशी तंतोतंत जुळत गेले. तेव्हा लताबाईंना हायसे वाटले होते. आता त्या जुळण्याचा खरा अर्थ त्यांच्या ध्यानात आला. बाळ महिनाभर मागे राहिले होते, आणि ते मागे पडले आहे हे कोणाला दिसू नये अशी व्यवस्था त्यांनीच करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी होती. कागद पिशवीत टाकताना, तो दाखवायचा आहे असे त्यांनी मनाशीदेखील म्हटले नाही.

नवसाबाई ओझरहून आल्याच होत्या. डॉक्टर स्नेहल मितभाषी, शांत स्वभावाच्या. चैतालीचा रक्तदाब पाहून त्यांनी तो पुन्हा मोजला. मग यंत्र पोटावर ठेवले, आणि नाळेतून वाहणाऱ्या रक्ताचा आवाज खोलीभर पसरला.

इतरांना तो वाऱ्याच्या झोतासारखा वाटला असेल. लताबाईंना घाव ऐकू आला. मग शांतता. त्या शांततेत नवसाबाईंच्या बांगड्या किणकिणल्या, कोणीतरी बाहेर खोकले, आणि घाव अजून पडलाच नव्हता. मग पडला.

"नाळेतला प्रवाह मध्येच थांबतोय," डॉक्टर म्हणाल्या. "बाळाला पुरेसं पोचत नाहीये. पण एकोणतिसावाच आठवडा आहे. इतक्या लवकर बाहेर काढणं जोखमीचं. दाखल करून घेते, रोज तपासू. जितके दिवस पोटात मिळतील तितके मिळवू."

"चालेल ना," नवसाबाई म्हणाल्या. "दिवाळीचं बाळ आहे, दमानं येऊ दे."

चैतालीने आईकडे पाहिले. पडद्यावर राखाडी धुक्यात तो लहानसा जीव मूठ मिटून पडला होता. मूठ अशी, जणू तीत काही धरले आहे. आवाज पुन्हा थांबला. लताबाईंनी मनात मोजायला सुरुवात केली, आणि तीनपर्यंत पोहोचताच त्यांच्या तोंडून शब्द निघाले.

"तारीख खोटी आहे, डॉक्टर."

त्यांनी कागद काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे तेहतिसावा संपत आला! काकू, बाळ तेहतीस आठवड्यांचं आणि वजन एकोणतिसाचं. अहो, मी याला आतच ठेवायला निघाले होते."

लताबाई विहीणबाईंच्या पायांकडे पाहत म्हणाल्या, "पितृपक्षातलं आहे. तुम्हाला काय वाटेल म्हणून मी—"

"मला काय वाटेल?" नवसाबाई ताडकन उठल्या. "मी काय राक्षसीण आहे हो विहीणबाई? पितर काय आपल्याच लेकरावर उठतात? आधी बाळ बाहेर काढा म्हणावं. तिथी-बिथी मागाहून बघू, आणि तुमच्याकडेही मागाहूनच बघते!"

सायंकाळच्या आत शस्त्रक्रिया झाली. मुलगी झाली, वजन एक हजार दोनशे चाळीस ग्रॅम. काचेच्या पेटीत तिला ठेवले तेव्हा तिचे मस्तक तेवढे मोठे दिसत होते, बाकी देह त्याच्या मागे ओढला गेल्यासारखा.

"पोटात कमी पडलं की बाळ आधी मेंदूला देतं," डॉक्टर पेटीपाशी उभ्या राहून सांगत होत्या. "मग बाकीच्या अवयवांच्या वाट्याचं कापतं. मूत्रपिंडातल्या गाळण्या जन्माच्या आसपासच बनून होतात. पुढं आयुष्यभर एकही नवी होत नाही. हिच्याकडं त्या थोड्या असण्याचा संभव आहे. म्हणून हिचा रक्तदाब दर वर्षी मोजायचा, अगदी धडधाकट दिसली तरी. आणि वजन कोणापासून लपवायचं नाही." मग त्यांनी विचारले, "काकू, तुमचा जन्म केव्हाचा?"

"त्र्याहत्तरचा. आई खडी फोडत होती."

डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "मुलीच्या देहातली सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. तुम्ही आजींच्या पोटात होता, तेव्हा चैताली ज्यातून झाली ते बीजही तिथंच होतं. त्या माळावर एका देहात तुम्ही तिघी होता म्हणा ना."

लताबाईंना आईचे शब्द आठवले. रांगेच्या शेवटी, ठमाबाईच्या पलीकडे कोणी नसताना, दोन बारीक हातोड्या वाजत होत्या.

सहाव्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी घरी सटवाईची पूजा मांडली. चैताली रुग्णालयातच होती. बाळ पेटीत होते, आणि त्या सकाळी त्याने नळीवाटे घेतलेले दूध प्रथमच पचविले होते. पाटा धुऊन ठेवला, हळदकुंकू वाहिले, दिवा लावला. देवी येऊन बाळाचे ललाट लिहिते, म्हणून पाट्यापाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची असते. लताबाई कोरा कागद हाती घेऊन पुष्कळ वेळ बसल्या. देवीबद्दल त्यांच्या मनात अणुमात्र अश्रद्धा नव्हती. परंतु ती सहाव्या दिवशी येते. आणि बरेचसे लिहिणे त्याआधीच, अंधारात, उपाशीपोटी होऊन गेलेले असते. निदान ते तिला खरे कळावे.

त्यांनी लेखणी उचलली आणि कागदावर सुवाच्य अक्षरांत लिहिले: गर्भ राहिल्याची खरी तारीख. तेहतीस आठवडे. एक हजार दोनशे चाळीस ग्रॅम. त्याखाली स्वतःचे नाव लिहिले, आणि त्यापुढे, "सुपात निजविले, निम्मे सूप रिकामे." मग हात जोडून, समोर बसलेल्या कोणाला सांगावे तसे, त्या मोठ्याने म्हणाल्या, "दुष्काळ संपला गं पोरींनो. कधीचा संपला. तुम्हाला कोणी सांगितलंच नाही."

दिव्याची ज्योत स्थिर होती. कूलर बंद होता. लताबाई कान देऊन बसल्या.

ठक्.

शांतता आली, परंतु लांबली नाही. ठक्. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, तिसरा. कोणी कोणाच्या पुढे नाही, कोणी मागे नाही. कोपऱ्यात ठमाबाई डोळे मिटून बसली होती. तिची बोटे मांडीवर एकेक करून मिटत होती.

"तीन," ती म्हणाली. मग करंगळीशेजारचे बोट मिटीत, "नही. चार. बारकी बी लागनी कामले."