बोटीची खिडकी

उन्हाळा लागला की चिकलठाण्याचा गोकुळ मेकॅनिक गल्लीभर ओरडत फिरायचा, "आरं, खिडक्या उघडा! बंद खोलीत कूलर लावून काय पापडावानी सादळायचंय का?" एवढी साधी गोष्ट लोकांच्या टाळक्यात कशी शिरत नाही, म्हणून चिडायचा. माणूस शहाणाच. अन् शहाण्याचीच फजिती कशी होते, ती ऐका.

त्याचा मेहुणा कडूबा पैठणला नाथसागरावर बचाव बोट चालवायचा. बोट वर्षाचीसुद्धा नाही, पण उन्हं वाढली तशी पंधरा मिनिटं पळाली की काळा धूर सोडून बैलगाडीच्या चालीनं चालायची. धरणावरच्या साहेबांनी सरळ कडूबावरच आळ घेतला: डिझेल विकतो अन् रॉकेल भरतो. सोमवारपासून घरी बस म्हणाले. दुसऱ्याच्या रांजणातलं पाणीसुद्धा विचारून पिणारा माणूस! त्यानं बहिणीला, म्हणजे गोकुळच्या प्रेरणाला, फोन केला. "आक्का, नोकरीचं जाऊ दे. चोर म्हणले मला." प्रेरणा रडायला लागली, तशी गोकुळनं गाडीला किक मारली.

साहेबांच्या समोर त्यानं डिझेल तपासलं. चोख निघालं. फिल्टरही नवा होता. मग तिघं बोट घेऊन धरणात गेले, अन् पंधराव्या मिनिटाला बोटीनं मान टाकली. गोकुळनं इंजिनावरचं झाकण उचललं, तर तोंडावर भट्टीची धग आली. हवेच्या फिल्टरच्या तोंडाशी थर्मामीटर धरला. बाहेर चाळीस, अन् आत पंचाहत्तर!

"असली हवा ओढून इंजिन कसं पळंल?" तो म्हणाला. "तापली की हवा पातळ होती. डिझेल तेवढंच अन् हवा कमी, मग धूरच निघणार. पण आत ताजा वारा का शिरंना?"

कडूबानं मान खाली घातली. गोकुळनं वाकून बोटीच्या कुशीला पाहिलं. हवेच्या दोन्ही जाळ्यांवर हिरवं रेग्झिन ताणून बसवलं होतं. कडेनं पितळी स्क्रू, प्रत्येकाखाली लाल वायसर.

लाल वायसर म्हणजे गोकुळचीच सही. खंडेनवमीला बोटीच्या पूजेला आला, तेव्हा इंजिनावर शिंतोडे उडू नयेत म्हणून त्यानंच हौसेनं ते बसवलं होतं. वर नारळ फोडला होता.

"तुला कळलं होतं?" त्यानं हळूच विचारलं.

"संशय होता, दाजी. पण पूजेत बसवलेलं. अन् तुमच्यासारख्या मिस्त्रीला मी काय शिकवू?"

साहेब पुढं पाठमोरे बसले होते. गुपचूप रेग्झिन फाडून 'वायर ढिली होती' म्हणलं असतं, तरी खपलं असतं. गोकुळला तसा मोह झालाही. मग त्याला प्रेरणाचं रडणं आठवलं अन् स्वतःची लाज वाटली.

"साहेब," तो मोठ्यानं म्हणाला, "चोरी झालीय खरी. पण डिझेलची नाय, हवेची. अन् चोर मी हाय." जाळ्या दाखवून त्यानं सगळं सांगितलं.

रेग्झिन निघालं. इंजिन जरा निवल्यावर कडूबानं बोट सोडली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, पाऊण तास झाला, बोट काही दमेना. साहेब कडूबाकडं वळले. मग म्हणाले, "कडूबाराव, माझं चुकलं." इतके दिवस ते त्याला नुसतं 'ए' म्हणायचे. कडूबानं उपरण्यानं डोळे पुसले.

काठाला लागल्यावर गोकुळ पाने-पकडी पिशवीत भरत होता. कडूबा जवळ आला. हसू दाबत म्हणाला, "दाजी, खिडकी उघडी ठिवत जावा."